टॅबमधल्या मावशी

मुरबाड तालुक्यात म्हशाजवळच्या माझ्या आताच्या शाळेत एक लोखंडी कपाट आहे. त्याचं दार उघडायला खालून लाथ मारावी लागते. गेल्या आठवड्यात रंगीत कागद शोधताना मी ती मारली, तेव्हा सगळ्यात खालच्या कप्प्यातून, फाटक्या नकाशांच्या मागून, एक जुना टॅब घसरत पायाशी आला. काचेच्या कोपऱ्याला तडा, पाठीवर नेलपॉलिशने काढलेला चारचा आकडा. माझ्याआधी इथे असलेल्या कुणीतरी तो ठेवला असणार आणि विसरला असणार. मी तो चार्जिंगला लावला आणि वर्गात गेले.

मधल्या सुट्टीत त्याचं बटण दाबलं आणि तो जागा होईपर्यंत पोह्यांचा डबा उघडायला लागले. मागून आवाज आला, "ये गो. बस."

मी वळून बघितलं ते टॅबकडे नाही, स्वयंपाकघराच्या दाराकडे. दारात कुणी नव्हतं. ज्या बाईंचा तो आवाज, त्या इथून कितीतरी डोंगर पलीकडे, शहापूर तालुक्यात, उंबरमाळीच्या वरच्या अंगाला एका वाडीत राहतात. मुरबाडला त्या आयुष्यात एकदाच आल्यात, म्हशाच्या जत्रेला, बैल बघायला. त्यांचा आवाज मात्र माझ्याआधीच इथे येऊन राहिला होता. तो मीच पाठवला होता, आणि तेही न कळत.

मग पोहे तसेच राहिले. मी टॅब मांडीवर घेऊन पायरीवर बसले.

तेव्हा माझी खोली खर्डीत होती आणि शाळा त्या वाडीवर. रिक्षा डांबरी रस्त्यापर्यंत सोडायची, पुढे अर्धा तास चढ. दोन्ही बाजूंना साग, खाली खाचरात भात, वर उतारावर नाचणी. त्या चढावर मी कधी एकटी नसायचे. कुणाकुणाशी मनातल्या मनात भांडत, कुठल्या तरी न पाहिलेल्या गावात फिरत, मी शाळेत पोचायचे आणि फाटकाशी आल्यावर जागी व्हायचे. पहिली-दुसरीची चौदा मुलं माझ्याकडे होती. माझा स्वभाव तापट. स्वप्नातून कुणी उठवलं की माणूस चिडतो, तशी मी रोज सकाळी थोडी चिडलेलीच असायचे. मुलं मला घाबरायची आणि मी त्याला शिस्त म्हणायचे.

टॅब मिळाले तेव्हा शाळेत नारळ वाढवला. एका संस्थेची माणसं आली, फोटो निघाले, आठही टॅबना हळदकुंकू लागलं. माणसं गेल्यावर कळलं की टॅबच्या पोटात काहीच नाही. धडे, गाणी, बेरजा-वजाबाक्यांचे खेळ असलेला शाळेचा कार्यक्रम वेगळा भरायचा होता. वाडीवर इंटरनेट शाळेमागच्या एका खडकावर मिळायचं, तेही त्याच्या मर्जीने. म्हणून असं ठरलं: आसपासच्या दहा-बारा शाळांची मिळून जी केंद्रशाळा, तिथल्या मोठ्या संगणकात तो कार्यक्रम ठेवलेला आहे, तिथे टॅब न्यायचे, वायरीने जोडायचे आणि दर आठवड्याला नव्या धड्यांसाठी एकेक करून भरून आणायचे. शनिवारी शाळा सकाळची असते. म्हणजे माझ्या शनिवारच्या दुपारी त्यात जाणार होत्या.

आठ टॅब मी पंच्यात गुंडाळायचे, शेतावर भाकरी नेताना मारतात तशी गाठ मारायचे आणि उतरायला लागायचे.

केंद्रशाळेत संगणकाच्या खोलीत चपला काढून जायचं. हा नियम तिथल्या गुरुजींचा. निवृत्तीला दोन वर्षं उरलेले, बारीक अंगाचे गुरुजी. यंत्राला धूळ चालत नाही, असं ते सांगायचे, पण आत जाताना ते आवाजही खाली आणायचे आणि डोकंही जरा झुकवायचे. संगणकावर जुन्या नऊवारीचं शिवलेलं झाकण होतं. काय काय दाबायचं ते सगळं त्यांनी दोनशे पानी वहीत स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवलं होतं. पहिली ओळ, 'हात कोरडे असावेत.' शेवटची, 'वायर ओढू नये. वाट पाहावी.'

एका टॅबला अर्धा तास लागायचा. पडद्यावर एक हिरवी रेघ डावीकडून उजवीकडे जायची. जाताना दिसायची नाही, पण डोळा लागून उघडला की पुढे गेलेली असायची. गुरुजी शेजारच्या वर्गात बाकावर आडवे होऊन पेपर तोंडावर घ्यायचे. खिडकीबाहेर भात लोंबीला आलेलं होतं. वाऱ्याची झुळूक आली की शेताच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत काहीतरी चालत गेल्यासारखं दिसायचं, आणि रेघही तशीच चालली आहे असं वाटायचं. लांब कुठेतरी मालगाडीचा भोंगा व्हायचा. पाल भिंतीवरून संगणकाच्या मागे जायची आणि बऱ्याच वेळाने दुसऱ्या बाजूने बाहेर यायची. मी जागी असून जागी नसायचे. मला वाटायचं, या वायरीतून नुसते धडे चाललेले नाहीत. ही खिडकी चालली आहे, हे भात चाललं आहे, हा भोंगा, गुरुजींचं घोरणं, आणि सोमवारी मुलं टॅब उघडतील तेव्हा आतून साळीचा वास येईल. मग रेघ संपल्याची टिंग वाजायची आणि मी दुसरा टॅब जोडायचे.

सोमवारी तसं काही व्हायचं नाही. आतून एक बाई बोलायची.

ही बाई फार गोड होती. "अभिनंदन! आपले उत्तर अचूक आहे." "क्षमस्व, आपले उत्तर चुकीचे आहे. पुन्हा प्रयत्न करा." साखरेत घोळवलेला आवाज. दहादा चुकलं तरी ती त्याच सुरात क्षमस्व म्हणायची. ती कधी चिडत नसे, याचाच मला राग यायचा.

त्या वर्षी पहिलीत एक मुलगी होती. शाळा सुरू झाल्यापासून ती वर्गात एक अक्षर बोलली नव्हती. हजेरीला हात वर करायची, पाटीवर सांगितलेलं काढायची, खेळात धावायची, पण तोंड मिटलेलं. घरी काही दुखणं नव्हतं. तिच्या आईला विचारलं तर ती म्हणाली, "घरात ऐका नं तिचा! कान किटतात." मला खरं वाटलं नव्हतं. मग एकदा चढावर तो आवाज मी स्वतः ऐकला. ओहोळाच्या पलीकडे ती एका शेळीला बोलत होती. बोलत म्हणजे काय, तिच्या सात पिढ्यांचा उद्धार चालला होता. खणखणीत, भरघोस आवाज. मी झाडाआड थांबले. पायाखाली पान वाजलं, तिने मला बघितलं आणि तोंड पुन्हा मिटलं.

टॅबमधली बाई बोलली की ही मुलगी टॅब उलटा करून मागे बघायची. ती बाई कुठे बसली आहे ते शोधायची. मग टॅब पालथा घालून ठेवायची आणि खिडकीकडे तोंड करून बसायची.

ऑक्टोबरमध्ये केंद्रप्रमुखांनी, म्हणजे आमच्या सगळ्या शाळांवर देखरेख करणाऱ्या साहेबांनी, एक तक्ता दिला. ऐकू न येणाऱ्या आणि बोलू न शकणाऱ्या मुलांची यादी. जानेवारीत भरून द्यायची. त्या मुलांची ठाण्याला तपासणी होणार होती. तक्ता चांगल्या हेतूचा होता आणि ज्यांना गरज आहे त्यांच्या तो उपयोगाचाच होता. "मॅडम, तुमच्या वाडीत एक आहे ना? न बोलणारी?" साहेबांनी विचारलं. मी म्हटलं, "ती बोलते." ते म्हणाले, "कुणाशी?" माझ्याकडे साक्षीला एक शेळी होती.

शाळेत येऊन मी मावशींना सांगितलं. मावशी म्हणजे शाळेची खिचडी शिजवणाऱ्या बाई. साठीच्या आतबाहेर, पदर खोचलेला, चुलीपुढे बसून पातेल्याशी बोलणाऱ्या. त्यांनी लाकूड आत सारलं आणि म्हणाल्या, "लिवू नका बाई. मुकी नाव एकदा पडला का चिकटला. वाडीत तिला कोन नावाने हाक मारनार नाय मंग. उद्या लगीन जमवताना पन तोच शब्द निघंल."

"मग बोलती करा तिला तुम्ही," मी वैतागून म्हटलं.

"होईल. आजून शिजला नाय."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. भाताला, डाळीला, पावसाला, सरपंचांच्या आश्वासनाला, सगळ्यालाच त्या असं म्हणायच्या. आणि माझ्या लक्षात आलं की ती मुलगी रोज मधल्या सुट्टीत त्यांच्या दाराशी बसलेली असते. बोलायची नाही तिथेही. पण कान टवकारून, मान कलती करून, त्या पातेल्याशी काय बोलतात ते सगळं ऐकायची.

पुढच्या शनिवारी रेघेची वाट बघता बघता, हाताला चाळा म्हणून, मी संगणकाच्या आत डोकावत बसले. एका कप्प्यात छोटे छोटे आवाज ठेवलेले सापडले. एकेकावर दाबत गेले. क्षमस्व. अभिनंदन. स्वागत आहे. चला, पुढे जाऊया. त्या गोड बाईची सगळी वाक्यं सुटी सुटी, डब्यातल्या मसाल्यासारखी ठेवलेली. आणि मला अगदी स्वप्नात सुचावं तसं सुचलं, की डबा तोच ठेवून आतलं बदलता येईल.

सोमवारी फोन घेऊन मी चुलीपाशी बसले. मावशींना समजावलं. मुलगी आली की म्हणायचं, या, बसा. त्या म्हणाल्या, "ये गो. बस." बरोबर उत्तर आलं की शाबास म्हणायचं. त्यांनी झाकण उचलून आत बघितल्यासारखं केलं आणि म्हणाल्या, "शिजला बग. उतरव आता." पुढचं गणित घ्यायचं तर? "आन फुडला." इतपत झालं तेव्हा आम्ही दोघी हसून हसून ठसकत होतो. धूर डोळ्यांत गेला होता.

"आता चुकलं असं म्हणा," मी म्हटलं.

मावशी लाकूड सारायला लागल्या.

"म्हणा ना. चुकलं, परत कर."

"तो शब्द मी नाय बोलायची."

"का?"

"पोराच्या तोंडावर चुकला कसा बोलू? नाय शिजला तर नाय शिजला, लाकूड आजून घालायचा. चुकला बोलला का संपलाच ना तो." त्या चुलीकडे बघत होत्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पयल्या दिवशी तुमी बोललात ना. त्या पोरीला."

मला आठवेना. मग आठवलं. जूनचा पहिला दिवस, चित्रांचे तक्ते, बाहेर चिखल. मी खेकड्याचं चित्र दाखवून विचारलं होतं, हे काय आहे? आणि एक नवी मुलगी, दोन वेण्या घातलेली, सगळ्यांच्या आधी उठून मोठ्यांदा म्हणाली होती, "किरवा!" तिने त्याच आठवड्यात बापाबरोबर खाचरात पकडले असणार. मी म्हटलं होतं, "चुकलं. खेकडा म्हणायचं. बस खाली." बास, एवढंच. दिवसातून असं मी पन्नास वेळा म्हणायचे. मावशींनी ते स्वयंपाकघरातून ऐकलं होतं आणि इतके महिने त्या काही बोलल्या नव्हत्या.

मला लाज वाटली. पण लाज वाटली की मी घाई करते. मी फोन पुढे धरला आणि म्हटलं, "बरं, तुमच्या मनाने म्हणा."

त्या म्हणाल्या, "आजून शिजला नाय. थांब जरा." मागे चुलीत ओलं लाकूड तडतडलं, तेही फोनमध्ये आलं.

दोन शनिवार फुकट गेले. फोनमधला आवाज त्या यंत्राला पचेना, त्याचा प्रकार बदलून घ्यावा लागला. तिसऱ्या शनिवारी जमलं. गुरुजी शेजारी झोपलेले होते. मी चारही वाक्यांना जुन्या वाक्यांचीच नावं दिली आणि कप्प्यात सोडली. संगणकाने विचारलं, या नावाचं आधीच आहे, त्याच्या जागी हे ठेवायचं का? मी हो म्हटलं. चारदा विचारलं, चारदा हो म्हटलं. मूळची प्रत बाजूला काढून ठेवावी, आपल्या टॅबपुरतं वेगळं करावं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मी तोपर्यंत तिथे नव्हतेच. मी ती मुलगी टॅब उलटा करून बघते आहे आणि मागे खरंच मावशी बसलेल्या आहेत, असं काहीतरी बघत होते. बाहेर भातकापणी चालली होती. कापलेल्या शेतांवर ऊन पसरलं होतं. आठ टॅब भरून झाले तेव्हा सूर्य डोंगरामागे गेला होता आणि माझे पाय जमिनीला लागत नव्हते.

सोमवारी तिच्या हातात टॅब दिला. "ये गो. बस," टॅब म्हणाला. सगळा वर्ग फुटला हसून. तिने टॅब उलटा केला. मग स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. तिथे मावशी पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. मुलीने एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा टॅबकडे, आणि ती बसली. खिडकीकडे तोंड करून नाही, टॅबकडे तोंड करून.

पण बोलली नाही. नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला. गणितं ती भराभर करायची. मधूनच मुद्दाम चुकवायची. दोन अधिक दोन नऊ. "आजून शिजला नाय. थांब जरा." तिचे ओठ हलायचे, आवाज यायचा नाही. मी तिच्याकडे इतकं बघत राहायचे की बाकीचे तेरा जण वर्गात काय करतात याची शुद्ध नसायची. घरी जाताना चढ आता उतार झालेला असायचा, आणि त्या उतारावर ती माझ्याशी रोज बोलायची. अगदी शेळीशी बोलायची तशी.

मग आमच्या केंद्राची शिक्षक परिषद भरली. महिन्यातून एकदा सगळे शिक्षक जमतात, चहा होतो, अडचणी सांगतात. एक गुरुजी उठून म्हणाले, "आमच्या टॅबमध्ये कुणीतरी आजी शिरली आहे." सगळे हसले. एक बाई म्हणाल्या, "हसू नका, आमच्याकडेही आहे. पोरं उत्तर बरोबर देतात आणि लगेच टॅब जमिनीवर ठेवतात. विचारलं तर म्हणतात, ती उतरव सांगते ना!"

मी चहाचा कप खाली ठेवला. सगळ्या शाळा त्याच एका संगणकावरून टॅब भरत होत्या. संगणक सांभाळणारे आमचे गुरुजी पांढरेफटक पडले होते. त्यांना वाटलं, कुणीतरी चपला घालून आत गेलं. त्यांच्या मेहुण्याने तर तोच कार्यक्रम पेनड्राइव्हवर घालून मुरबाडला नेला होता, हेही तेव्हाच निघालं.

मी उभी राहिले आणि सांगून टाकलं. साहेब आधी हसले. मग म्हणाले, "मॅडम, कल्पना चांगली आहे. पण विचारून करायची ना. संस्थेची वस्तू आहे. मी मूळचा कार्यक्रम पुन्हा मागवतो, सगळ्यांनी टॅब परत भरून घ्या. शेवटची तारीख आणि त्या यादीची तारीख एकच ठेवू." मग जाता जाता, "तुमची ती मुलगी बोलली का?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी मान हलवली, नाही म्हणून.

त्या शनिवारी मी पंच्यात टॅब घेतले आणि पिशवीत तक्ता. गुरुजी या वेळी झोपले नाहीत. चारही तास माझ्या शेजारी खुर्ची घेऊन बसले, हात मांडीवर. हिरवी रेघ निघाली. जिथून ती पुढे जायची तिथून मावशी पुसल्या जात होत्या, असं मला दिसत होतं. आधी चुलीचा तडतडाट गेला असेल, मग धूर. खिडकीबाहेर आता शेतं रिकामी होती, नुसता धसकटांचा पिवळेपणा. मी दमले होते. परिषदेतलं हसणं कानात होतं. तीन महिने मी एका मुलीच्या ओठांकडे बघत बसले होते आणि मला तिचाही राग आला, हे खरं आहे, लपवत नाही. मीच का एकटीने धरून बसायचं? ठाण्याला मोठे डॉक्टर आहेत, ते बघतील. आठव्या टॅबची टिंग वाजली. मी तक्ता काढला, तिचं नाव लिहिलं, पुढच्या रकान्यात 'बोलत नाही' लिहिलं, सही केली आणि गुरुजींच्या हातात दिला. मंगळवारी सगळ्या याद्यांचं पाकीट शहापूरला जाणार होतं.

सोमवारी मुलांनी टॅब उघडले. "स्वागत आहे," ती गोड बाई म्हणाली. मुलांनी माना वर केल्या. कुणीतरी विचारलं, "बाई, मावशी कुठं गेल्या?" मी म्हटलं, "खिचडी शिजवतायत. करा गणितं." दुसरीतली एक चिमुरडी नेहमी घाबरत घाबरत उत्तर द्यायची. तिचं चुकलं. "क्षमस्व, आपले उत्तर चुकीचे आहे." तिने परत केलं. परत क्षमस्व. तिसऱ्यांदा तिचा खालचा ओठ थरथरायला लागला आणि टॅबवर एक थेंब पडला.

तिच्या शेजारी ती मुलगी बसली होती. तिने टॅब स्वतःकडे ओढला. त्या बाईचा आवाज जिथून येतो त्या बारीक भोकांवर तळहात दाबून धरला. मग चिमुरडीकडे वाकून, अगदी मावशींच्या सुरात, तोच ठसका, तोच दम घेऊन म्हणाली, "आजून शिजला नाय. थांब जरा."

मग ती बोटं मोजत म्हणाली, "ह्यो एक, ह्यो दोन, ह्यो तीन. कर आता." चिमुरडीने केलं. "शिजला बग," मुलगी म्हणाली, "उतरव." आणि माझ्याकडे बघितलं. जून महिन्यापासून ती माझ्या तोंडाकडे बघत होती तशीच, मी चुकलं म्हणते का ते बघत.

मी वर्गाबाहेर पडले आणि स्वयंपाकघरात गेले. मावशी दारातच उभ्या होत्या, पळी हातात, डोळे भरलेले. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "बगितलात?" त्या म्हणाल्या. "बगितलात बाई?"

मी चुलीपुढच्या पाटावर बसले आणि सांगितलं. की शनिवारी मी तिचं नाव दिलं. की पुढे 'बोलत नाही' लिहिलं आणि सही केली. सांगताना मी वाट बघत होते, की त्या म्हणतील, होईल बाई, आजून शिजला नाय. मला ते ऐकायचं होतं. मी त्यासाठीच तिथे बसले होते.

मावशींनी पळी पातेल्यावर ठेवली. त्या माझ्यासमोर उकिडव्या बसल्या. इतक्या वर्षांत त्यांनी मला तुमीशिवाय हाक मारली नव्हती.

"चुकलीस गो," त्या म्हणाल्या.

पातेल्यात खिचडी रटरटत होती. मी काहीतरी बोलायला गेले, तर त्यांनी मान हलवली. "ऊठ. आत्ता जा. पोरांना मी बगते, वाढते मी. रिक्षा नाय मिळाली तर चालत जा."

मी चालतच गेले. तो उतार मी आयुष्यात एकदाच पूर्ण जागेपणी उतरले. एकही स्वप्न आलं नाही, नुसते दगड आणि ऊन. केंद्रशाळेत पोचले तेव्हा गुरुजी पाकिटाला डिंक लावत होते. धापा टाकत मी सांगितलं. त्यांनी माझ्या पायांकडे बघितलं. मी चपला घालून आत आले होते. डिंक ओला होता, पाकीट उघडलं, आमच्या वाडीचा तक्ता काढून माझ्यापुढे ठेवला. मी नावावर रेघ मारली आणि बाजूला सही केली. गुरुजी म्हणाले, "शेरा लिहा. कारण द्यावं लागेल." मी लिहिलं, 'मूल बोलते. शिक्षिकेची चूक.' गुरुजींनी ते वाचलं, चष्मा काढला, आणि पाकीट पुन्हा चिकटवलं.

ती मुलगी आता खर्डीकडे मोठ्या शाळेत आहे. गप्प बसत नाही अशी तिच्या बाईंची तक्रार आहे. मावशींनी खिचडीचं काम सोडलं, गुडघे दुखतात. मी भेटायला गेले की मला चहा देतात आणि पुन्हा तुमी म्हणतात.

इथे म्हशाजवळच्या शाळेच्या पायरीवर बसून मी त्या तडा गेलेल्या टॅबवर एक गणित मुद्दाम चुकवलं. "आजून शिजला नाय. थांब जरा." मागे ओलं लाकूड तडतडलं. बरोबर केलं. "शिजला बग. उतरव आता." पुढचं दाबलं. "आन फुडला." मी टॅब खाली ठेवला. मधली सुट्टी संपत आली होती, मुलं फाटकातून आत येत होती. चार वाक्यं आहेत त्या टॅबमध्ये, चारही ऐकली. पाचवं त्यात नाही. ते त्यांनी मला एकटीलाच म्हटलं होतं.